सुतार भुंगे, माळवद आणि पावतीवरची ‘वाळवी’

पावती अजून माझ्या पर्समध्ये आहे. तारीख आहे, दीड हजार आगाऊ घेतल्याची नोंद आहे आणि ‘तक्रारीचे स्वरूप’ या रकान्यात एकच शब्द आहे: वाळवी. आमच्या घरात वाळवी नव्हती, भुंगे होते. फोनवर दोनदा सांगितलं, समोर उभं राहून तीनदा सांगितलं, फोटो किती पाठवले त्याची तर गणतीच नाही. त्या एका शब्दापायी सात आठवडे गेले आणि नको ते होऊन बसलं. म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

आमचं घर सोलापुरात बाळीवेस भागात, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. माळवदाचं आहे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत. सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीसारख्या खोलीत, सागवानी तुळया उघड्या दिसतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाहेर पारा ४२-४३ला गेला तरी आमचा सोपा थंड असतो. पण त्या तुळयांना रंग नाही, तेलपाणी नाही, कित्येक वर्षांत कुणी हातच लावलेला नाही.

मार्चमध्ये रात्री दहावीचे पेपर तपासत बसले होते. झरोक्यातून अंगठ्याएवढं काळं काहीतरी आत आलं आणि ट्यूबवर धाडधाड आपटायला लागलं. मुलगा किंचाळला. सासूबाई शांतपणे उठल्या, ट्यूब घालवली, खिडकी सताड उघडली आणि अंगणातला दिवा लावला. मिनिटभरात तो भुंगा उजेडाकडे निघून गेला. रात्री आत आलेल्या भुंग्याला याहून वेगळं काही करावं लागत नाही. दिवसा आला आणि काचेवर धडका देत राहिला तर वर पेला पालथा घालायचा, खालून जाड कागद सरकवायचा आणि बाहेर सोडायचा. हातात पकडायचा मात्र नाही. मादीला नांगी असते आणि दाबली गेली तरच ती चावते.

चार दिवसांनी तुळईखाली फरशीवर भुशाची बारीक ढिगुळी दिसली. वर पाहिलं तर गिरमिटानं पाडावं तसं गोल भोक, बोट जाईल एवढं. त्याच्या खाली लाकडावर पिवळे ओघळ. दुपारी सगळं निवांत असलं की आतून कुरतडल्याचा आवाज यायचा. आठवड्यात अशी पाच भोकं झाली.

मोबाईलवर शोधलं तर सगळीकडे बंबलबी नावाचे भुंगे. जमिनीत उंदराच्या जुन्या बिळात घर करतात, अंगभर दाट लव असते, वगैरे. ते वाचून माझा गोंधळच वाढला, कारण आमचे भुंगे जमिनीत नव्हते आणि त्यांचं पोट काळं, तुळतुळीत, चकचकीत होतं. पंखांवर निळी-जांभळी झाक. बंबलबी आपल्या देशात हिमालयाच्या थंडीत राहतात, सोलापूरच्या उन्हात नाही. आपल्याकडे घरात शिरतो तो सुतार भुंगा. तो लाकूड खात नाही, पोखरून त्यात फक्त घर करतो. हे कळायला मला आठ दिवस लागले. कुणी आधी सांगितलं असतं तर पुढचा फोन मी केलाच नसता.

पण फोन केला. पेस्ट कंट्रोलची कंपनी मोठी होती म्हणून विश्वास ठेवला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, “झुरळ, ढेकूण, वाळवी, उंदीर की मधमाशी?” मी म्हटलं, भुंगे, तुळईला भोकं पाडतात. “म्हणजे लाकडाचं आहे ना मॅडम? मग वाळवी.” मी नाही म्हटलं. ती म्हणाली, माणूस येऊन बघेल, नावानं काही फरक पडत नाही. फरक पडला. सगळा फरक त्या नावानंच पडला.

माणूस नवव्या दिवशी आला. वर पाहिलंच नाही. भिंती ठोकल्या, चौकटी ठोकल्या आणि सांगितलं की भिंतीच्या कडेनं फरशीला फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध सोडावं लागेल, अठरा हजार. मी त्याला हाताला धरून तुळईखाली नेलं. तेवढ्यात एक भुंगा त्याच्या तोंडासमोर घोंघावत उभा राहिला. तो म्हणाला, “हे माझ्या कामात येत नाही, माझ्याकडे वाळवीचा जॉब आहे.” आणि गेला. पंधराशे त्यांच्याकडेच.

मग मी शाळा सुटल्यावर त्यांच्या ऑफिसात गेले. एकदा नाही, पाच वेळा. पहिल्यांदा ‘साहेब साइटवर’. दुसऱ्यांदा सर्व्हर बंद. तिसऱ्यांदा एकानं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून दाखवला, “मॅडम, यादीत भुंगा नाहीच. मधमाशी टाकू का?” मी म्हटलं, खाली शेरा लिहा, सुतार भुंगा, पोळं नाही, धूर करू नये, घरात लहान मूल आणि दम्याचा त्रास असलेल्या आजी आहेत. त्यानं टाईप केलं, मी डोळ्यांनी पाहिलं. पण येणाऱ्या माणसांच्या मोबाईलवर शेरा जातच नाही, फक्त वरचा शब्द जातो, हे मला नंतर कळलं.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी दोघं आले. अंगात जाळीचे कोट, हातात पंप. “पोळं कुठंय?” मी म्हटलं, पोळं नसतं यांचं, प्रत्येक मादी आपलं भोक वेगळं करते. मी समजावत होते तोवर दुसऱ्यानं शिडी लावून दोन भोकांत औषध मारलंसुद्धा. औषध कुठलं, विचारलं तर “कंपनीचं आहे” एवढंच उत्तर. सासूबाईंना लगेच खोकल्याची उबळ आली. मी त्यांना अंगणात नेलं, मुलाला उचललं, आणि या गडबडीत जाता जाता त्यांनी माझ्या नवऱ्याकडून ओटीपी घेतला. ओटीपी दिला की काम पूर्ण झाल्याची नोंद होते. आम्हाला ते माहीत नव्हतं.

तीन रात्री आम्ही माळवदावर झोपलो. दुसऱ्या दिवशी सोप्यात दोन भुंगे मरून पडले होते. भोकातून पिवळा, ओलसर गोळा गळून पडला. तो परागाचा आणि मधाचा असतो, मादी एकेका अंड्यासाठी एकेक गोळा करून ठेवते आणि मध्ये भुशाची भिंत घालते. सासूबाई तो गोळा बघून म्हणाल्या, “अगं, बाळंतिणीची खोली होती ती.” त्यांचा राग अजून गेलेला नाही. माझाही नाही.

पैसे परत मागितले तर उत्तर असं: वाळवीच्या तक्रारीवर काम झालं नाही हे खरं, पण मधमाशीच्या तक्रारीवर झालं, आणि पैसे वाळवीच्या नंबरावर जमा आहेत. दोन तक्रारी, दोन नंबर, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. रद्द केलेला चेक द्या, अर्ज द्या, मूळ पावती जमा करा. मूळ पावती मी दिली नाही, झेरॉक्स दिली, आणि ते बरं झालं. तीन आठवडे ‘प्रोसेसमध्ये आहे’ ऐकल्यावर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ला, फोन केला. पावतीचे आणि मेसेजचे फोटो पाठवले. चौथ्या दिवशी पंधराशे खात्यात आले. त्या दिवशी शाळेत स्टाफरूममध्ये मी सगळ्यांना मोबाईल दाखवला.

म्हणून सांगते, कुणालाही बोलवाल तर पैसे देण्याआधी किड्याचं नाव आणि काय करणार हे पावतीवर लिहून घ्या. औषधाच्या डब्याचा फोटो काढा. काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ओटीपी देऊ नका.

खरं काम केलं ते आमच्या मिस्त्रींनी, आणि त्याला वेळ लागला तो भुंग्यांचा. या सगळ्या घोळात एकदा ते येऊन गेले होते. सायकलचा आरा भोकात घातला, तो दोन पेरं सरळ गेला आणि अडला. “इथून आडवा वळतंय, लाकडाच्या रेषेनं,” म्हणाले. तुळई ठिकठिकाणी ठोकून पाहिली. साग आतून टणक आहे, पाच भोकांनी काही होत नाही, पण वर्षानुवर्षं तिथंच पोखरत राहिले तर तुळई कमजोर होईल. मी म्हटलं, आजच बुजवा. त्यांनी मान हलवली. “आत पिल्लं हायत ताई. आत्ता बुजवलं तर ती दुसरीकडनं पोखरून बाहेर येतील. घाई कशाला करलालाव?” शेजारच्या घरात नेमकं तसंच झालं होतं. सिमेंट भरलं आणि महिनाभरात शेजारी नवं भोक.

अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण दीड महिना लागतो. मेच्या शेवटी मिस्त्रींनी तिन्ही शाबूत भोकांवर वहीच्या कागदाचे तुकडे खळीनं चिकटवायला सांगितले. कागद फाटला की समजायचं ये-जा चालू आहे. पहिल्या आठवड्यात दोन फाटले. नवीन चिकटवले. दुसऱ्या आठवड्यात सगळे जसेच्या तसे राहिले, तेव्हा ते आले. सागाच्या खुंट्या तासून फेव्हिकॉल लावून ठोकल्या, वरून भुसा आणि फेव्हिकॉल कालवून लांबी (पुट्टी) भरली, घासून काढली. मग सगळ्या तुळयांना जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. दुकानात ते बेलतेल म्हणून मिळतं. रंगवलेलं लाकूड भुंगा सहसा धरत नाही, तेल पाजलेलंही कोऱ्या लाकडापेक्षा कमी धरतो, त्याला कोरडं, उघडं, उन्हानं सुकलेलं आवडतं. मजुरी नऊशे, तेल वेगळं. मृग नक्षत्र संपायच्या आत काम झालं.

झरोक्याला बारीक जाळीही बसवली. हे खरं तर मार्चमध्येच करायला हवं होतं.

मधेच आठवलं म्हणून लिहिते: तोंडासमोर एका जागी घोंघावत उभा राहतो तो बहुधा नर असतो. त्याला नांगीच नसते. त्याला बघून पळू नका, हात झटकू नका, मुलांनाही हेच सांगा. मादी चावलीच तर जागा साबणानं धुऊन बर्फ लावायचा. तोंड सुजलं किंवा श्वास लागला तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, तडक सिव्हिलला किंवा जवळच्या दवाखान्यात जा.

आणि मारू नका. आमच्या अंगणातल्या शेवग्याचा बहर भुंग्यांनी नुसता घुमत असतो. वांग्याच्या फुलातले पराग सहजी पडत नाहीत, भुंगा फूल धरून अंग थरथरवतो तेव्हा ते झडतात. रुईच्या फुलावर, तुरीच्या फुलावर हाच. ज्या दोन भोकांत औषध गेलं त्यांतून यंदा कुणी बाहेर आलं नाही, त्यावरही मिस्त्रींना खुंट्याच ठोकाव्या लागल्या.

सासूबाईंनी मांडवाच्या राहिलेल्या बांबूचे हातभर तुकडे करून, एका बाजूची पेरं बंद ठेवून, त्यांची मोळी शेवग्याच्या फांदीला पावसाआड बांधली आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात खाली भुसा पडलेला दिसला. त्यांनी मला हाक मारून दाखवला आणि झाडू तिकडे न्यायचा नाही म्हणून बजावलं.