बोलायला माणूस हवा : आमची वाटचाल

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना इंग्रजी येत असतं. शाळेत ते वर्षानुवर्षं शिकलेले असतात, कामाचे ईमेल वाचतात, काळांचे तक्ते त्यांना पाठ असतात. पण कुणी समोर उभं राहून साधा प्रश्न विचारला, की उत्तराचं वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो. अशा माणसांसाठी आम्ही दोघी मैत्रिणींनी ही संस्था काढली. त्यांना आणखी व्याकरण नको होतं. बोलायला माणूस हवा होता, आणि तोही रोज.

दोघीही आधी मोठ्या वर्गांत शिकवत होतो. वर्गात ३० जण आणि तास ६० मिनिटांचा, म्हणजे शिक्षकाने तोंडच उघडलं नाही तरी एकेकाच्या वाट्याला येतात २ मिनिटं. हा हिशेब आम्हाला छळत होता. म्हणून पहिल्या दिवसापासून एका वेळी एकच विद्यार्थी आणि अर्ध्या तासाचा संवाद, असं ठरलं. त्या अर्ध्या तासात जास्त वेळ विद्यार्थ्याने बोलायचं. हा नियम आजही सगळ्या शिक्षकांना लागू आहे, आणि रेकॉर्डिंग ऐकून आम्ही तो तपासतोही.

या आग्रहाला आधार मिळाला तो कॅनडातल्या संशोधक मेरिल स्वेन यांच्या कामाचा. तिथे इंग्रजी घरांतली अनेक मुलं फ्रेंच माध्यमात शिकतात. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्यांची समज उत्तम झाली, पण बोलणं आणि लिहिणं मागेच राहिलं. १९८५ साली स्वेन यांनी मांडलं, की ऐकणं लागतंच, पण ते पुरत नाही. स्वतः बोलायला लागल्यावरच आपल्याला नेमकं काय येत नाही ते कळतं. आमच्या विद्यार्थ्यांत हे आम्ही रोज पाहत होतो.

शिक्षक तयार करताना सर्वांत कठीण गेलं ते त्यांना गप्प राहायला शिकवणं. चांगला शिक्षक स्वभावानेच मदतीला धावतो. विद्यार्थी जरा अडला की शब्द पुरवतो, आणि तो शब्द शोधण्याची संधी हिरावून घेतो. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचं निरीक्षण केलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी १ सेकंदच थांबतात असं दिसलं. तेच थांबणं ३ सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांबतात. आमच्याकडच्या नव्या शिक्षिका सुरुवातीला टेबलाखाली बोटं मोजतात. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

चुका सुधारण्याबद्दल आमचं मत ठाम आहे. एरवी विद्यार्थी चुकीचं बोलला, की शिक्षक तेच वाक्य बरोबर करून म्हणतात आणि पुढे जातात. सगळीकडे हीच पद्धत दिसते. भाषाशिक्षणाचे संशोधक रॉय लिस्टर आणि लायला रांटा यांच्या १९९७ च्या अभ्यासात हीच पद्धत सर्वाधिक वापरलेली आढळली, आणि तिच्यानंतर विद्यार्थ्यांनी स्वतः दुरुस्ती करण्याचं प्रमाण सर्वांत कमी होतं. म्हणून आम्ही बोलणं तोडत नाही. शिक्षिका दोन-तीन चुका टिपून ठेवते आणि शेवटी विद्यार्थ्यालाच त्या दुरुस्त करायला लावते. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ हे वाक्य आमच्याकडे सतत ऐकू येतं; हवं असतं ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’. शिक्षिका ‘आय हॅव…’ एवढंच म्हणते आणि थांबते. पुढचं त्याने आठवायचं. आठवलेलं टिकतं.

रोजचा सराव आम्ही सक्तीचा केला, आणि त्यामुळे काही जण सोडूनही गेले. तरी आम्ही हटलो नाही. शिकलेलं किती वेगाने विसरतं आणि अंतराअंतराने उजळणी केली की ते कसं टिकतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं आम्ही मागतो. त्यात एकच विषय आधी ४ मिनिटांत, मग ३ मिनिटांत आणि मग २ मिनिटांत बोलायचा, फोनवर रेकॉर्ड करत. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या लेखनातून हा सराव जगभरच्या शिक्षकांपर्यंत पोचला. तिसऱ्या वेळेला काय सांगायचं याची चिंता उरत नाही, शब्द तयार असतात, त्यामुळे सगळं लक्ष ओघाकडे जातं. तिन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकली की विद्यार्थ्याला स्वतःचा फरक स्वतःच्या कानांनी कळतो. भीड चेपायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

एका विद्यार्थ्याने आम्हाला नवी दिशा दिली. परदेशातून फोन आला की तो शेजारच्या सहकाऱ्याकडे द्यायचा. समोरासमोर मात्र तो बरा बोलायचा. शोध घेतल्यावर समजलं, की जुनी फोनव्यवस्था साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोचवते, आणि ‘स’ व ‘फ’ सारख्या वर्णांचा बराचसा भाग त्याच्या वर असतो. त्यात समोरच्याचा चेहरा दिसत नाही. म्हणजे अडचण त्याच्या इंग्रजीतच होती असं नाही. आम्ही त्याच्याकडून फक्त फोनचा सराव करून घेतला : पुन्हा विचारणं, ऐकलेलं परत म्हणून खात्री करणं, ‘लेट मी चेक’ म्हणून वेळ मिळवणं. पुढे तो स्वतःहून फोन उचलू लागला. तेव्हापासून प्रत्येकाच्या अभ्यासक्रमात फोनचा भाग आहे.

महिनाभरात फाडफाड इंग्रजीची हमी द्या, असं आम्हाला अनेकांनी सुचवलं. आम्ही देत नाही. भाषा किती येते हे मोजणाऱ्या युरोप परिषदेच्या सहा पायऱ्यांपैकी (ए१ ते सी२) मधली बी१ गाठायला सुमारे ३५० ते ४०० तास आणि तिच्या वरच्या बी२ ला ५०० ते ६०० तास मार्गदर्शनाखालचा अभ्यास लागतो, असा इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या संस्थेचा अंदाज आहे. हे आकडे आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो. त्यामुळे संस्था सावकाश वाढली, पण आलेली माणसं टिकली. त्यांतले काही जण आज आमच्याकडेच शिकवतात, आणि बोलणारा नेमका कुठे अडतो ते त्यांना लगेच ओळखू येतं.

सध्या आम्ही तिघातिघांचे गट सुरू केले आहेत. एकट्याशी नीट बोलणारा माणूस मीटिंगमध्ये मुका होतो, ही तक्रार फार जणांची होती. दहा भाषांवरच्या २००९ च्या एका अभ्यासात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद निघालं. एक शब्द जुळवायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं वाक्य तयार व्हायला लागतं. या गटांत आम्ही तेवढंच शिकवतो : समोरच्याचं वाक्य कुठे संपणार ते ओळखणं, आणि ‘कॅन आय ॲड समथिंग?’ म्हणत मध्ये शिरणं. पहिल्या गटातल्या तिघांपैकी दोघं आता शिरतात. तिसरीसाठी शिक्षिकेने पुढच्या आठवड्याचा विषय तिच्याच कामातला निवडला आहे.