खोली : ८५.०

मंगळवार, रात्री पावणेदोन

आज मी उठून खिडकी उघडली. झालं एवढंच, पण डोक्यातून जात नाहीये.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला ती बोटभर ओएलईडी पडद्याची पट्टी अखेर जोडली. १२८ गुणिले ६४ ठिपके, त्यात तापमानाच्या दोन ओळी: वर प्रोसेसर, खाली खोली. वरची ओळ आधी ५४५३० दाखवत होती. त्यावरची लिनक्स प्रणाली तापमान हजारपटीत देते, मी भागायला विसरलो होतो. हसलो, भागलं, ५४.५ आलं. खाली मात्र ८५.०.

आणि मी खिडकी उघडली!

प्रोसेसर ऐंशीच्या पुढे गेला की हा संगणकसुद्धा आपणहून वेग कमी करतो. मी त्याच खोलीत बाह्यांचा शर्ट घालून चहा पीत होतो. घामाचा टिपूस नाही. तरी उठलोच. ती दारात उभी होती.

"काय रे?"

"उकडतंय."

"मला तर नाही उकडत." आणि चादर घेऊन गेली.

खोलीचं तापमान मोजणारा डीएस१८बी२० सेन्सर चालू होतो तेव्हा त्याच्या पोटात ८५ हाच आकडा असतो. मोजमाप झालंच नाही तर विचारणाऱ्यापुढे तोच ठेवतो. रविवारी फोनवर आईसुद्धा "मी मजेत" म्हणाली, माझं विचारून व्हायच्या आत... असो.

४.७ किलोओहमचा रेझिस्टर दोनदा बदलला, कॉन्फिग फाइल तीनदा वाचली. निघाली काय, तर ब्रेडबोर्डात, म्हणजे वायरी खोचायच्या पाटीत, लाल वायर सैल.

आधी स्वतःची कीव आली. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या आकड्यांपुढे मान डोलवायची, घरी येऊन स्वतःच्या. अंगाचं ऐकायचं नाही, पट्टीचं ऐकायचं. पण घोडं पेंड खातंय ते वेगळ्याच जागी. मी थाप मारली नव्हती. खिडकीपर्यंत जाताना मला खरंच उकडत होतं. ८५ वाचलं आणि उकडायला लागलं. हे तिला सांगायला गेलो तर चादरीतून नुसतं "हं" येईल.

वायर दाबून बसवली. २७.३. लगेच गार वाटलं, म्हणजे बघा.

आता २७.१ आहे. खिडकीतून डास आलेत भरपूर. त्यांच्यासाठी पट्टीवर तिसरी ओळ मावत नाही, मोजून पाहिलं.