माळ्यावरचा प्लेक्स सर्व्हर परत ताब्यात आला

या वेळची नोंद काकांच्या जुन्या व्हिडिओ टेपांबद्दल नाही. प्लेक्स म्हणजे आपल्या मशीनवरचे व्हिडिओ घरातल्या टीव्हीवर, फोनवर दाखवणारं सॉफ्टवेअर. पासवर्ड बदलल्यावर घरच्या प्लेक्स सर्व्हरनं मला मालक मानायचंच बंद केलं होतं. आता तो सुरळीत चालू आहे, एकही नोंद गेलेली नाही. ज्यांच्या घरी असा सर्व्हर आहे त्यांच्यावर ही वेळ कधी ना कधी येणारच, म्हणून काय केलं ते सविस्तर लिहितोय.

आधी सेटअप सांगतो. जुना ऑफिसचा डेस्कटॉप, त्यावर उबुंटू लिनक्स, ना स्क्रीन ना कीबोर्ड, आणि मशीन माळ्यावर. २०१९ च्या महापुरानंतर आमच्याकडं डिस्क, टेपा, कॅमेरे सगळं वरच ठेवायचं ठरलं. या सर्व्हरवर सिनेमे थोडेच आहेत. खरा ऐवज म्हणजे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचे फुटबॉल सामने, काकांनी हँडीकॅमवर गॅलरीत उभं राहून घेतलेले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, हे सगळे इथले तालमी-मंडळांचे संघ. हे सामने जगातल्या कुठल्याही ऑनलाइन डेटाबेसमध्ये सापडणार नाहीत. पोस्टर आपोआप येत नाही, नावं येत नाहीत. प्रत्येक सामन्याचा हंगाम, दोन्ही तालमी, गोल कुणी केले, पेनल्टी कुणी हुकवली, हे काकांना शेजारी बसवून मी हातानं भरलंय. मध्येच ते टीव्ही थांबवायला लावतात, "आरं, सेकंड हाफला गोलकीपर बदललाय बघ. लिही की ते." तर लिहायचं. ही सगळी माहिती व्हिडिओ फाइलमध्ये नसते, सर्व्हरच्या लायब्ररी डेटाबेसमध्ये असते. म्हणून सर्व्हर हातातून निसटला तेव्हा व्हिडिओंची चिंता नव्हती, या नोंदींची होती.

झालं असं. महाद्वार रोडच्या गर्दीत भाच्याचा फोन गेला. त्यात माझंच प्लेक्स खातं लॉगिन होतं. त्याच रात्री पासवर्ड बदलला आणि बदलताना 'सगळ्या जोडलेल्या उपकरणांवरून साइन आउट करा' या खुणेवर टिक केलं. फोन चोरीला गेल्यावर हेच करायला हवं, पुन्हा वेळ आली तरी हेच करेन. पण नंतर टीव्हीवर सर्व्हर दिसेना, आणि लॅपटॉपवरून नव्या पासवर्डनं आत गेलो तर या सर्व्हरवर तुम्हाला परवानगी नाही असं उत्तर आलं. पासवर्ड बरोबर, खातं तेच, मशीन चालू, आणि तरी दार बंद.

कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. पासवर्ड फक्त लॉगिन करताना लागतो. त्यानंतर प्रत्येक ॲपला एक टोकन, म्हणजे ओळखीची डिजिटल खूण, मिळतं आणि रोजचं काम त्या टोकनवर चालतं. स्टेडियमच्या खिडकीवर एकदा पैसे भरले की पुढं पासच दाखवायचा असतो, तसं. बहुतेकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट अशी की सर्व्हरकडंही तुमच्या खात्याचं असंच एक टोकन असतं, आणि 'सगळी उपकरणं' या शब्दांत तोही येतो. जुने पास रद्द झाले तेव्हा गेटवरच्या माणसाचाही पास रद्द झाला. सर्व्हरच्या लॉगमध्ये ४०१ चे, म्हणजे 'ओळख पटली नाही' असे, एरर दिसले ते याचेच. ऑगस्ट २०२२ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये डेटा चोरीच्या घटनांनंतर प्लेक्सनं वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं, तेव्हाही पुष्कळ लोकांचे सर्व्हर असेच बेवारस झाले होते.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो 'काढून टाक, नव्यानं इन्स्टॉल कर'. कृपया करू नका. लायब्ररी, पोस्टर, हातानं भरलेली माहिती, सगळं जागच्या जागी शाबूत असतं. तुटलेलं असतं ते फक्त खातं आणि सर्व्हर यांच्यातलं नातं, आणि ते एका फाइलमध्ये आहे. लिनक्सवर प्लेक्सच्या डेटा फोल्डरात प्रेफरन्सेस डॉट एक्सएमएल नावाची फाइल असते. काहीजण ती अख्खी उडवायला सांगतात. तेही नको. त्याच फाइलमध्ये सर्व्हरची स्वतःची ओळख, म्हणजे मशीन आयडेंटिफायर असतो. तो गेला की सर्व्हर जगाच्या दृष्टीनं नवा होतो आणि ज्यांना ज्यांना लायब्ररी शेअर केली होती ती सगळी शेअरिंग तुटतात. माझ्या सांगलीच्या आत्या त्यांच्या घरून नातवंडांना हे सामने दाखवतात, त्यांना परत सगळं जोडून द्यायला लागलं असतं.

मी केलं ते असं. सर्व्हिस आधी बंद केली, कारण चालू सर्व्हर ही फाइल स्वतःच परत लिहून टाकू शकतो. फाइलची एक प्रत काढली. मग त्यातल्या चारच गोष्टी खोडल्या: प्लेक्सऑनलाइनटोकन, प्लेक्सऑनलाइनयूजरनेम, प्लेक्सऑनलाइनमेल आणि प्लेक्सऑनलाइनहोम. अख्खी फाइल एका लांबलचक ओळीत असते, त्यामुळं नजर स्थिर ठेवून, अवतरणचिन्हांसकट नेमकं तेवढंच काढायचं. सेव्ह केलं, सर्व्हिस परत सुरू.

आता सर्व्हरला मालक नाही. अशा सर्व्हरवर कुणीही बाहेरून येऊन हक्क सांगू नये म्हणून प्लेक्स बघतं की विनंती जवळून आलीय का. सगळ्यात खात्रीची वाट म्हणजे त्याच मशीनवरून जाणं. माळ्यावर मॉनिटर चढवायची गरज नाही, एसएसएच टनेल, म्हणजे लॅपटॉपवरून त्या मशीनपर्यंतचा सुरक्षित बोगदा, पुरतो. लॅपटॉपचा ८८८८ पोर्ट सर्व्हरच्या ३२४०० पोर्टला, म्हणजे प्लेक्सच्या दाराला, जोडला, आणि लॅपटॉपच्याच ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा ८८८८ पोर्ट उघडून पुढं 'वेब' हा पत्ता दिला. सर्व्हरला वाटतं विनंती त्याच्याच पोटातून आली. नव्या पासवर्डनं लॉगिन केलं, सर्व्हर क्लेम करायचं, म्हणजे त्यावर मालकी सांगायचं, बटण समोर आलं, दाबलं, आणि लायब्ररी जशीच्या तशी उघडली. काकांच्या सगळ्या नोंदी, कुठल्या सामन्यात कितव्या मिनिटाला थांबलो होतो तेसुद्धा.

इचलकरंजीचा माझा मित्र डॉकरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या वेगळ्या बंद डब्यात (कंटेनरमध्ये), प्लेक्स चालवतो. त्याच्यासाठी वाट थोडी वेगळी: प्लेक्सच्या साइटवरून क्लेम टोकन घ्यायचं आणि कंटेनर सुरू करताना द्यायचं. ते टोकन ४ मिनिटंच चालतं, त्यामुळं बाकी सगळी तयारी आधी करून ठेवा आणि टोकन शेवटी काढा. जुनं टोकन फाइलमध्ये असेल तर नवं घेतलं जात नाही, म्हणजे साफसफाई त्यालाही चुकत नाही.

टीव्ही आणि वहिनींचा टॅब परत लॉगिन करायला काहीच वेळ गेला नाही. आत्यांना फोन केला तर त्यांच्याकडं लायब्ररी आधीच दिसत होती.

आता पुढच्यासाठी केलेले बदल. प्लेक्स दर ३ दिवसांनी डेटाबेसचा बॅकअप आपोआप घेतं, पण तो ठेवतं त्याच डिस्कवर. डिस्कच गेली तर दोन्ही जाणार. ती जागा बदलून दुसऱ्या डिस्कवर नेली, आणि प्रेफरन्सेस फाइलची प्रतही तिथंच ठेवतोय. दुसरं, नेटवर्क सेटिंगमध्ये 'लॉगिनशिवाय परवानगी' द्यायच्या पत्त्यांची यादी असते. तिथं फक्त टीव्हीचा पत्ता टाकलाय, तोही राउटरमध्ये कायमचा ठरवून. पावसाळ्यात इंटरनेट गेलं की त्याचा उपयोग होतो. अख्खं वायफाय त्या यादीत टाकू नका, कारण त्या पत्त्यावरून येणाऱ्याला सर्व्हरवर मालकाचेच हक्क मिळतात.

आणि ज्यासाठी खरं तर ही नोंद लिहायला घेतली ते काम. इतकी मेहनतीची माहिती एका डेटाबेसमध्ये आणि एका ऑनलाइन खात्याच्या भरवशावर असणं मला पटत नाही. त्याच मशीनवर प्लेक्ससारखंच काम करणारं जेलीफिन बसवलंय, पोर्ट ८०९६. २०१८ मध्ये एम्बी या तशाच सर्व्हरपासून फुटून निघालेला हा मुक्त प्रकल्प. त्यात खातं आपल्याच मशीनवर राहतं. पासवर्ड विसरलात तर घरच्या नेटवर्कवरून मागणी करायची, सर्व्हर स्वतःच्याच फोल्डरात पिनची फाइल लिहितो, ती उघडून पिन टाकायचा. शिवाय जेलीफिन माहिती एनएफओ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहू शकतं, आणि ती फाइल व्हिडिओच्या शेजारीच बसते. उद्या सर्व्हर कुठलाही असो, सामना आणि त्याची हकीगत एकत्र राहतील.

रोजच्या वापराला टीव्हीवर अजून प्लेक्सच आहे, काकांना तेच हाताळायची सवय आहे. प्लेक्सचा डेटाबेस एसक्यूलाइटचा, म्हणजे इतर प्रोग्रॅमनाही वाचता येणाऱ्या एका फाइलचा, असतो, त्यामुळं त्याच्या प्रतीवरून शीर्षकं आणि वर्णनं काढून एनएफओ तयार करणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहितोय. दिलबहारच्या फोल्डरवर ती नीट चालली. खंडोबाच्या फोल्डरात काकांनी एकाच टेपवर दोन सामने घेतलेत, ते आधी वेगळे कापायचे आहेत.