मालवणचा पंखा हिडकलला का चालेना

आमची होडी मालवणची. जुनी, अठरा फुटी, फायबरची. मागे बाहेरून टांगलेलं पंधरा हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक औटबोर्ड इंजिन, त्याच्या खाली पाणी ढकलणारा पंखा, म्हणजे प्रोपेलर. घेण्याआधी ती समुद्रात चालवून पाहिली होती आणि तिथे ती झकास पळाली. मग आंबोली, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा रस्ता धरून ती बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकलला आणली आणि धरणाच्या जलाशयात उतरवली. रिकामी बरी चालायची. पण जाळी, बर्फाची खोकी, मी आणि दादा एवढं चढलं की पुढचं नाक वर उचललेलंच राहायचं आणि मागचा भाग पाण्यात बसायचा. थ्रॉटल पूर्ण दिला तरी इंजिन दबक्या आवाजात कण्हायचं, पेट्रोल मात्र घटाघटा प्यायचं.

आमच्याकडे हिडकलवर बरेचजण अजून वल्ह्यानंच जाळी टाकतात. त्यामुळे औटबोर्डबद्दल विचारायचं कुणाला, हा पहिला प्रश्न. एका दुकानदारानं सांगितलं, ‘मोठा पंखा घाला, एका फेरीत जास्त पाणी ढकलेल, वेग वाढेल.’ दादाला ते पटलं होतं. मी मालवणच्या मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी होडीची लांबी, वजन काही विचारलं नाही. म्हणाले, ‘इंजिन आरडता की कण्हता, ता आदी सांग माका.’ कण्हतंय म्हटल्यावर त्यांनी सांगितलं की पंखा बदलायचा विचार नंतर कर, आधी इंजिन मिनिटाला फेऱ्या किती घेतंय ते मोज.

हे मोजणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. छोट्या इंजिनावर या फेऱ्या दाखवणारा आरपीएमचा काटा नसतो. स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा डिजिटल टॅकोमीटर मिळतो, तो घ्यायचा. त्यात सेटिंग असतं: एका फेरीला एक ठिणगी की दोन फेऱ्यांना एक. आमच्या इंजिनाला एका फेरीला एक. ते चुकलं तर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो. वेगासाठी मोबाइलचं जीपीएस पुरतं. वारा पडलेला असताना, म्हणजे सकाळी लवकर, रोजचं पूर्ण वजन घेऊन सरळ रेषेत पूर्ण थ्रॉटल द्यायचा. एकदा जाताना, एकदा येताना. रिकाम्या होडीचा आकडा वेगळा लिहून ठेवायचा.

आमच्या मॅन्युअलमध्ये पूर्ण थ्रॉटलला ४,५०० ते ५,५०० फेऱ्या हव्यात असं लिहिलंय. भरलेल्या होडीला आम्हाला मिळाल्या ४,२०० आणि वेग ताशी १६ किलोमीटर. म्हणजे इंजिन स्वतःच्या ताकदीपर्यंत पोचतच नव्हतं. दुकानदाराचं ऐकून आणखी मोठा पंखा लावला असता तर फेऱ्या अजून खाली गेल्या असत्या. असं दबून चाललेलं इंजिन तापतं, प्लग काळे पडतात, पिस्टनवर कार्बन धरतो. आमचे प्लग काढले तेव्हा ते काळे आणि तेलकट निघालेच.

पण लगेच पंख्यावर खापर फोडायचं नाही, हेही मिस्त्रींनी बजावलं होतं. प्लग नवे घातले, कार्बोरेटर साफ केला, कॉम्प्रेशन तपासून घेतलं, होडीच्या बुडाला धरलेलं शेवाळ घासून काढलं. मग इंजिनाची उंची. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या रेषेत हवी. ती फार वर असेल तर पंखा वरून हवा ओढतो आणि नुसताच गरगरतो. फार खाली असेल तर इंजिनाचा पाय पाण्यात ओढत राहतो. आमची पट्टी जागेवर होती. फेऱ्या तरीही ४,२०० च्या आसपासच.

मालवणात चाललेला पंखा इथे का चालेना? याचं उत्तर मला उंचीत सापडलं. हिडकलची पूर्ण पाणीपातळी समुद्रसपाटीपासून २,१७५ फूट, म्हणजे ६६० मीटरच्या वर. जसजसं वर जावं तशी हवा विरळ होते, आणि दर हजार फुटांना इंजिनाची साधारण तीन टक्के ताकद जाते. म्हणजे पंधरातला जवळजवळ एक हॉर्सपॉवर आंबोलीचा घाट चढतानाच गळाला. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेली हवा आणखी थोडी ताकद खाते. त्यात गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाला होडी किंचित जास्त बुडते. यातलं एकेक कारण लहान दिसतं, पण ज्या पंख्याचं गणित समुद्रावरच मोजूनमापून जुळलेलं होतं, त्याला एवढी तूट भारी पडली.

आता पंख्यावरचे आकडे. आमच्या जुन्या पंख्यावर ९¼ × ९¾ असं कोरलेलं होतं आणि पुढे ‘J’ हे अक्षर. पहिला आकडा व्यास, इंचात. दुसरा पिच: पाण्यात अजिबात घसर न होता पंखा एका फेरीत जितके इंच पुढे जाईल तेवढा. शेवटचं अक्षर पंख्याच्या मालिकेचं. ते आणि मधल्या भोकातल्या खाचा इंजिनाच्या शाफ्टशी जुळल्या नाहीत तर पंखा कितीही चांगला असो, बसणारच नाही.

व्यासाला छोट्या इंजिनात फारसा वाव नसतो. खेळायचं ते पिचशी. उसाची भरलेली ट्रॉली चढावर वरच्या गिअरात ओढायला लावली तर ट्रॅक्टर जसा दम टाकतो, तसंच पिच जास्त झाल्यावर इंजिनाचं होतं. ढोबळ हिशोब असा की पिच एक इंचानं कमी केला तर दीडशे ते दोनशे फेऱ्या वाढतात. आम्हाला निदान तीनशे हव्या होत्या, शिवाय मासळी चांगली लागली तर परतताना आणखी वजन असतं. म्हणून त्याच मालिकेतला ९¼ × ८ ठरवला. बेळगावात मिळाला नाही, गोव्याहून मागवला.

चार पात्यांच्या पंख्याचाही विचार केला होता. तो कमी वेगात पाणी चांगलं धरतो, जाळं ओढताना होडी हलू देत नाही. पण आमच्या मापात सहज मिळेना, आणि तीन पात्यांत काम होत असेल तर जास्त पैसे का घालायचे? स्टेनलेस स्टीलला मात्र मी ठाम नाही म्हटलं. उन्हाळ्यात हिडकलचं पाणी उतरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं, तसे जुने बांध, दगड आणि झाडांचे बुंधेही पाण्याच्या जरा खाली येऊन थांबतात. अशा ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमचं पातं वाकतं, तुटतं, पण गिअर वाचण्याची शक्यता जास्त. स्टील वाकायला कठीण. धक्का आत शाफ्टला आणि गिअरला जातो. अ‍ॅल्युमिनियमचं पातं वेल्डिंग करून, घासून पुन्हा वापरताही येतं.

बदलताना आधी प्लगच्या टोप्या काढल्या आणि सुरक्षेची दोरी (ती काढली की इंजिन बंद होतं) बाजूला ठेवली, कारण पंखा हातानं फिरला तरी इंजिन चालू होऊ शकतं. पातं आणि वरची पट्टी यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवून नट सोडला. पंखा निघाला आणि मागे जे दिसलं ते जाळीवाल्या प्रत्येकानं पाहावं असं आहे. शाफ्टवर नायलॉनचा धागा इतका घट्ट गुंडाळला होता की त्याचं एक कडक कडंच झालं होतं. जाळ्याचा तुटका धागा पंख्यात जातो, आत सरकतो आणि ऑइल सील कापतो. सील कापलं की गिअरच्या तेलात पाणी शिरतं. मी खालचा स्क्रू सैल करून तेल पाहिलं: दुधाळ नव्हतं. दुधाळ असतं तर पंखा राहू दे, आधी सील बदलावं लागलं असतं. धागा ब्लेडनं सोडवला, शाफ्टला पाण्यात टिकणारं ग्रीस लावलं, वॉशर काढले त्याच क्रमानं परत घातले, नट आवळला आणि तो सुटू नये म्हणून नवी कॉटर पिन घातली. आता मी पंखा अधूनमधून काढून मागे बघतोच.

नव्या पंख्यावर, तेवढंच वजन घेऊन: ४,६५० फेऱ्या, ताशी १८ किलोमीटर. रिकामी असताना ५,३०० च्या आसपास, म्हणजे वरची मर्यादाही ओलांडली जात नाही. हे दुसरं बघणं तितकंच गरजेचं. पिच फार कमी केला तर रिकामी होडी इंजिनाला मर्यादेबाहेर पळवते.

पिच कमी करून वेग वाढला, हे दादाला पटेना. त्याला वहीवर दाखवलं. आमच्या इंजिनाचा गिअर २.०८ ला १, म्हणजे इंजिनाच्या २.०८ फेऱ्यांना पंख्याची एक. जुना पंखा ४,२०० फेऱ्यांवर घसर नसती तर ताशी ३० किलोमीटर गेला असता, प्रत्यक्षात १६. जवळजवळ निम्मं पाण्यातच वाया. नवा कागदावर २७ आणि प्रत्यक्षात १८, म्हणजे घसर एक तृतीयांशावर आली. इंजिनाला ताकद काढायला मिळाली, होडीनं नाक खाली घेतलं आणि पाण्यावर आली. दादा म्हणाला, ‘मग हे आधी कुणी का सांगत नाही की!’

म्हणून इथे सगळे आकडे लिहिले. नविलुतीर्थच्या जलाशयाची उंचीही हिडकलच्या जवळपासच आहे, तेव्हा मलप्रभेवर कुणी कारवार-गोव्याकडून इंजिन आणत असेल तर पंखा तसाच लावून समाधान मानू नये. भरलेल्या होडीच्या फेऱ्या मोजून घ्याव्यात. दुकानात जाताना इंजिनाचं मॉडेल, जुन्या पंख्यावरचे आकडे आणि अक्षर, भरलेल्या आणि रिकाम्या होडीच्या फेऱ्या एवढं कागदावर न्यावं. जुना पंखा विकू नये. आमचा होडीतच असतो, पाना, पक्कड, लाकडाचा ठोकळा आणि दोन जादा कॉटर पिनांसकट. बुंध्यावर पातं गेलं तर त्यावर सावकाश काठाला येता येतं.