आबांच्या पिकअपला आरपीएम मीटर

आबांना इंजिनाचा आवाज ऐकू येईनासा झाला, म्हणून मी या कामाला हात घातला.

गाडी २००३ ची. चार सिलिंडरचं साधं डिझेल इंजिन, टर्बो नाही. आबांनी ती नवी घेतली आणि चाळीसगावहून कन्नडच्या घाटाने संभाजीनगरला केळी, लिंबं, भाजीपाला वाहिला. गिअर कधी बदलायचा हे त्यांनी आयुष्यभर कानाने ठरवलं. गेल्या वर्षी दोन्ही कान कमी झाले. मग चढावर चौथ्यातच इंजिन गुरगुरत राहायचं, केबिन थरथरायची, मागून काळा धूर निघायचा, आणि आबांना पत्ताच नसायचा. कधी याच्या उलट, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळत असायचं. एकदा मीच न राहवून म्हणालो, "आबा, गिअर टाका ना." ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "आवाज आते समजत नही रे भो." त्या दिवशी घरी येईपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

आमच्या गाडीच्या मीटरमध्ये, म्हणजे स्टिअरिंगसमोरच्या काटे आणि दिव्यांच्या डब्यात, डाव्या बाजूला एक गोल रिकामी जागा आहे. काळी चकती, तिच्यावर काहीच नाही. त्याच कंपनीच्या वरच्या मॉडेलला नेमका तिथे आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे मारतं ते दाखवणारा काटा असतो. कान गेले तर डोळ्यांनी बघता येईल, एवढाच माझा विचार होता. बाजारात सुटा आरपीएम मीटरही मिळतो, पण त्यातले बरेचसे पेट्रोल गाडीसाठी असतात. ते कॉईलवरून ठिणगीचे ठोके मोजतात. डिझेलला कॉईलही नाही आणि ठिणगीही नाही. शिवाय मला डॅशबोर्डवर चिकटवलेलं खेळणं नको होतं. आबांची नजर वीस वर्षं जिथे जाते, तिथेच काटा हवा होता.

मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. घरांची वायरिंग आणि विहिरीवरच्या मोटारी हे माझं रोजचं काम. गाडीची वायरिंग मात्र पहिल्यांदाच हातात घेत होतो.

पहिला मीटर चुकीचा आणला. धुळ्याच्या भंगारात एक चकचकीत मिळाला, २०११ च्या गाडीचा, बाराशे रुपयांना. बाहेरून माप तेच, स्क्रूची भोकं तीच. घरी आणून उलटा केला तर स्पीडोमीटरची केबल लावायला जागाच नाही. त्या वर्षाच्या मीटरला गिअरबॉक्सवरच्या सेन्सरकडून तारेने सिग्नल जातो. आमच्या गाडीत गिअरबॉक्सपासून फिरणारी केबल येते. परत केला तर पाचशेच हातात आले. तेव्हापासून भंगारात मीटर हातात घेतला की मी आधी मागची बाजू बघतो, काच नंतर.

दुसरा मिळाला मालेगावला, २००६ च्या गाडीचा, अठराशेला. केबलचं तोंड होतं. मागची छापील पट्टी, म्हणजे ज्या पातळ प्लॅस्टिकवर तांब्याच्या रेघा असतात ती, कुठेही जळलेली नव्हती. दुकानदार कपलर, म्हणजे तारांच्या टोकाचे मीटरमध्ये खोचायचे जोड, उपटून नुसता मीटर देत होता. मी हट्टाने दोन्ही कपलर वीतभर तारांसकट कापून घेतले. या सगळ्या कामात मी केलेली सर्वात शहाणपणाची गोष्ट हीच. त्या तारांचे रंग नसते तर मी महिनाभर अंदाजच बांधत बसलो असतो.

कपलर दिसायला अगदी सारखे, खट्कन बसणारे. म्हणून मी सरळ जुने कपलर नव्या मीटरला लावले. पार्किंग लाईट चालू केल्याबरोबर फ्यूज उडाला. तीन वर्षांत कंपनीने कपलर तोच ठेवला होता, आतल्या पिनांचा क्रम बदलला होता. दिव्यांची लाईन जिथे यायची, तिथे नव्या मीटरमध्ये अर्थिंग होतं.

मग बॅटरीचं टर्मिनल काढलं, वही घेतली आणि दोन रविवार ओट्यावर बसून नकाशा केला. किल्ली फिरवल्यावर कोणत्या पिनवर १२ व्होल्ट येतात, पार्किंगला कोणती, डावं आणि उजवं इंडिकेटर कोणतं, अपर, म्हणजे हेडलाईटचा लांबचा झोत, कोणता. ऑईलच्या दिव्याची तार ओळखायला सोपी. इंजिन बंद असताना ऑईलचा स्विच तिला अर्थिंगला जोडतो, दाब आला की सोडतो. डिझेल आणि टेम्परेचरच्या तारांवर व्होल्ट शोधायचे नाहीत, ओहम, म्हणजे रोध मोजायचा. नव्या मीटरच्या बाजूला छापील रेघेवरून बोट फिरवत कोणती पिन कोणत्या बल्बला जाते ते लिहिलं. मग जुन्या गाडीच्या तारा मी न कापता भंगारातल्या तुकड्यांचा एक जोड तयार केला, एका टोकाला जुना क्रम, दुसऱ्या टोकाला नवा. उद्या जुना मीटर परत बसवायचा झाला तर पाच मिनिटांत बसेल.

आता मुख्य गोष्ट, आरपीएमची तार. ती येते डायनामोवरून. आत स्टेटरच्या, म्हणजे न फिरणाऱ्या भागाच्या, तीन वेटोळ्यांमध्ये एसी तयार होतो, डायोड त्याचा डीसी करतात. डायोडच्या आधी एका वेटोळ्यातून बाहेर काढलेलं टोक म्हणजे डब्ल्यू. आमच्या डायनामोच्या मागे रबरी टोपीखाली तो स्टड होता, त्याला कधीच कोणी तार लावली नव्हती. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, रबरातून एक तार आत आणली, जोडली, सेल्फ मारला. काटा शून्यावर. रेस दिली, तरी शून्यावर. कधी खूप रेस दिली की एकदम उडी मारायचा. मी मीटरच बाद समजलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटणादेवीहून येताना हेडलाईट पिवळे पडत गेले. वाटेत गाडी बंद केली आणि परत सेल्फ मारला तर नुसतं टक्. बॅटरी संपलेली. एका ट्रॅक्टरवाल्याच्या बॅटरीवर गाडी चालू करून घरी आलो.

रात्री झोप लागेना. डायनामो चार्ज करत नाही आणि काटा उठत नाही, या दोन तक्रारी लागोपाठच का आल्या? उठलो, टॉर्च घेतला, किल्ली फिरवली. ऑईलचा दिवा लागला, बॅटरीचा लाल दिवा लागलाच नाही. हा दिवा फक्त सूचनेसाठी असतो असं मी समजत होतो. जुन्या डायनामोत तसं नसतं. किल्ली फिरवली की बॅटरीचा करंट त्या बल्बमधून जाऊन डायनामोच्या रोटरला, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाला, पहिलं चुंबकत्व देतो. बल्ब नसेल तर रोटर थंड लोखंडासारखा फिरत राहतो. मग ना चार्जिंग, ना डब्ल्यूवर सिग्नल. रोटरमध्ये उरलेल्या किंचित चुंबकत्वावर तो कधीतरी जोराच्या रेसला जागा होतो, म्हणून ती उडी. मीटरच्या आधीच्या मालकाने सगळीकडे एलईडी घातले होते, आणि हा नेमका उलटा बसलेला. एलईडी उलटा असला की करंट जातच नाही. सरळ बसवला तरी त्याचा करंट अगदीच थोडा. जुन्या मीटरमधला साधा तारेचा बल्ब काढून त्या जागी फिरवून बसवला.

सकाळी आबांना केबिनमध्ये बसवून सेल्फ मारला. काटा उठला तसे आबा ओरडले, "उठना रे भो, उठना!"

पण तो काटा खरं बोलत नव्हता. मोटार रिवायंडिंग करणाऱ्या मित्राकडे प्रकाशाने फेरे मोजणारं यंत्र आहे. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवर चमकती पट्टी चिकटवून बघितलं तर आयडलला, म्हणजे रेस न देता, ७५० फेरे, मीटरवर ६४० च्या आसपास. कारण पुलीत होतं. आमची क्रँकची पुली १५४ मिलिमीटर, डायनामोची ७०, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला डायनामोचे २.२ फेरे. डायनामो १२ ध्रुवांचा, एका फेऱ्याला सहा लहरी. ७५० ला हिशेब होतो १६५ हर्ट्झ, आणि मल्टीमीटरनेही तेवढंच दाखवलं. ज्या गाडीतून मीटर आला तिच्या डायनामोची पुली लहान असणार, तिथे लहरी जास्त यायच्या. मीटरच्या मागे एका बारीक भोकात फिरवायचा स्क्रू आहे. २००० फेऱ्यांवर इंजिन धरून तो अगदी हळू फिरवला. मग ७५० ही बरोबर आले.

डिझेलचा काटा अर्ध्या टाकीला पाऊण दाखवत होता. टाकीत डिझेलवर तरंगणाऱ्या फ्लोटचे ओहम आणि नव्या काट्याचे ओहम जुळत नव्हते. फ्लोट बदलण्यापेक्षा जुन्या मीटरमधला काटाच काढून नव्यात बसवला. टेम्परेचरचाही तसाच. मे महिन्याच्या उन्हात घाट चढताना तो काटा खोटं बोलला तर इंजिनच जातं.

सगळं झालं असं वाटलं तेव्हा आबांनी मीटरकडे बोट केलं. नव्या मीटरवर किलोमीटर ३७ हजार आणि काही होते. "ह्या आकडा मन्हा नहीत," ते म्हणाले. मी समजावलं की दोन्ही मीटरचे फोटो काढलेत, कागदावर तारीख लिहून आरसीच्या पाकिटात ठेवलीय. ते ऐकत राहिले, मग घरात गेले आणि कपाटाचं दार उघडून दाखवलं. आतल्या बाजूला पेन्सिलीने दोन तारखा होत्या. पाच आकडी मीटर ९९,९९९ वरून शून्यावर गेला ते दोन दिवस. एक माझ्या दहावीच्या निकालाच्या आठवड्यातला, दुसरा बहिणीच्या लग्नाच्या महिन्यातला.

मी परत मीटर उघडला. स्पीडोमीटरचा पूर्ण भाग, किलोमीटरच्या चाकांसकट, दोन स्क्रूवर असतो. डायलवर बारीक अक्षरात केबलच्या फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो, तो दोन्हीकडे सारखाच होता. तरी जुना भाग नव्या घरात बसवला. आता त्या मीटरमध्ये बाहेरचं असं फक्त घर, आरपीएमचा काटा, मागची पट्टी आणि काच. बाकी सगळं आबांचंच.

पुढच्या आठवड्यात आम्ही घाटात गेलो, मागे लिंबाची पोती. आबा चालवत होते. २०२३ पासून जड वाहनांना हा घाट बंद असल्यामुळे चढ मोकळा होता. पहिल्या वळणाला काटा १८०० वरून उतरू लागला, १६०० झाला. मी तोंड उघडलं नाही. काटा १५०० ला टेकायच्या आत आबांनी क्लच दाबला, तिसरा टाकला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पंधराशेना खाले जाऊ देवानं नही."