तान्ह्या पोळ्यात आलेली कॅमॅरो

मिशिगनमध्ये रविवारी काय करता, असं गावाकडून कोणी विचारलं की मी पहिले "काही नाही जी, घरीच असतो" म्हणायचो. खरं सांगायची लाज वाटे. खरं म्हणजे नोव्हेंबर ते मार्च बाहेर बर्फ असतो आणि मी, चाळिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, सकाळी सात वाजता एका भाड्याच्या हॉलमध्ये गुडघ्यावर बसून गालिच्याच्या पट्ट्यांना खालून दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप लावत असतो. कारण जोडावर जराशी कड जरी वर राहिली ना, तर रिमोटवरच्या गाडीचं नाक त्यात अडकते, गाडी कोलांटी खाते आणि मग सगळे माझ्याकडे पाहतात. रिमोटच्या गाड्यांच्या रेसचा क्लब चालवतो म्हणजे काय करतो, तर मुख्यतः हे.

खेळण्यातल्या गाड्या नाहीत या, हे मी बायकोला आठ वर्षांपासून सांगून राहिलो. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या असतात. अमेरिकेत १९६६ साली ट्रान्स-ॲम नावाची खऱ्या गाड्यांची रेस सुरू झाली, त्यात कॅमॅरो, मस्टँग अशा गाड्या धावायच्या, तर आमच्या रेसच्या वर्गात त्या जमान्यातल्या गाड्यांच्याच बॉड्या चालतात. मोटर सगळ्यांची सारखी, २५.५ टर्नची, म्हणजे आत तारेचे तितके वेढे असलेली, ब्रशलेस. मोटरला वीज देणाऱ्या स्पीड कंट्रोलरमधून टायमिंग वाढवून जास्तीचा वेग काढायचा नाही, त्यावरचा दिवा लुकलुकत असला म्हणजे टायमिंग शून्यावर आहे हे समजते, म्हणून या सेटिंगला सगळे ब्लिंकीच म्हणतात. टायरही ठरलेले, पुढचे २६ मिलिमीटर रुंद, मागचे ३१. म्हणजे पैसा ओतून जिंकता येत नाही, हरता मात्र येते, ते मी करून पाहिलं आहे.

आणि गाडी खरी दिसली पाहिजे. दारावर नंबर पाहिजे, काचेतून आत ड्रायव्हरचं मुंडकं दिसलं पाहिजे. बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते आणि रंग आतून मारायचा असतो, म्हणून सगळं उलटं, आधी पट्टे आणि आकडे, मग त्यावर मूळ रंग. मी पहिल्या गाडीला आधी झकास लाल रंग मारला, तो वाळू दिला, मग मोठ्या हौसेनं पांढरे पट्टे ओढले आणि गाडी सुलटी करून पाहतो तर नुसती लाल. पट्टे लालच्या मागे. ते अजूनही आत आहेत, फक्त मलाच माहीत.

तर मागच्या पोळ्याला गावी गेलो तेव्हा दोन गाड्या नेल्या. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकता येत नाहीत, हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. एक बॅटरी ७.४ व्होल्ट, ५००० मिलिॲम्पिअर-अवर, म्हणजे ३७ वॉट-अवर, आणि मर्यादा १०० ची. हे गणित मी एका विमानतळावरच्या सिक्युरिटीवाल्या भाऊला तीन वेळा समजावलं, चौथ्या वेळी त्यानं विचारलं की गाडी केवढ्याची. किंमत ऐकून बॅटऱ्या परत दिल्या, मला वाटते कीव आली असावी.

गावात प्रश्न होता ट्रॅकचा. बाहेर झड लागलेली, काळ्या मातीत माणूस चालत नाही तिथं दीड किलोची गाडी काय चालणार. समाजभवनाची फरशी गुळगुळीत, गाडी नुसती घसरे. मग बिछायतवाल्याकडून लग्नाची हिरवी मॅट आणली, आणि पट्ट्या आखायला आमच्याच शेतातल्या ठिबकच्या जुन्या नळ्या. १६ मिलिमीटरची नळी यासाठी इतकी बरोबर बसते की मिशिगनचं ट्रॅकचं सामान मला चोरबाजारी वाटायला लागलं. लाइट दुपारी दोन वाजता गेली ती सातपर्यंत आलीच नाही, पण चार्जर १२ व्होल्टवरही चालते, म्हणून दादानं ट्रॅक्टर समाजभवनाच्या दाराला आणून लावला आणि त्याच्या बॅटरीवर चार्जर जोडला. गाडीची बॅटरी चार्ज होताना पेटू शकते म्हणून ती घमेल्यात रेतीवर ठेवली होती, तर गावभर झालं की अमेरिकेवाला रेतीत काहीतरी शिजवून राहिला.

समजावून सांगायला मला वाटलं होतं तितका त्रास नाही झाला. बुजुर्ग मंडळी शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, पाहिलेली. मध्ये २०१४ ला सुप्रीम कोर्टाची बंदी आली, २०२३ ला कोर्टानं राज्याचा कायदा मान्य केला, त्यामुळे पट आता पुन्हा भरतात, आणि आमच्याकडे पटाचा निकाल सेकंदावर. एका आजोबांनी पहिल्या फेरीलाच विचारलं, "किती सेकंदात आली?" मिशिगनला गालिच्याखाली तार असते, गाडीत तिची ओळख सांगणारा ट्रान्सपॉन्डर, कॉम्प्युटर हजाराव्या भागापर्यंत वेळ देते. इथं शाळेच्या गुरुजींच्या मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि भिंतीवर खडूच्या रेघा. भांडणं दोन्हीकडे सारखीच.

अडलं ते मार्शलवर. गाडी उलटली की उचलायला वळणावर माणूस लागतो, आणि नियम असा की आपली रेस झाली की पुढच्या रेसला आपण उभं राहायचं. तिकडेही लोक रेस संपली की हळूच कॉफीकडे सटकतात, मला माइकवरून नावं घेऊन बोलवावं लागते. इथं उलटं. एक गाडी उलटली की अकरा पोट्टे धावत, मॅटवर चिखल, आणि दुसरी गाडी त्यांच्या पायात. शेवटी आईला खुर्ची देऊन वळणावर बसवलं. तिचे गुडघे दुखतात, ती उठत नाही, हातात काठी. पोट्टे जागचे हलले नाहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, यात लेकरं लाकडाचे चाकावरचे नंदी सजवून आणतात, सजावटीला बक्षीस असते, आणि मग घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, मागतात. पुतण्यानं माझी कॅमॅरो मागितली. मी म्हटलं गाडीचं काय काम बैलात. त्यानं नंदी पुढं ठेवला, त्याची फळी गाडीच्या पुढच्या बंपरला बांधली आणि मागं गाडीवर झूल टाकली, थेट टायर झाकेपर्यंत. रिमोटवर थ्रॉटल तीस टक्क्यांवर आणून दिला. मारुतीसमोरच्या सिमेंट रस्त्यावर बाकी पोट्टे दोरीनं नंदी ओढत येत होते आणि याचा नंदी आपला एकटाच घुंगरू वाजवत आला, मालक वीस पावलं दूर. एका म्हातारीनं हात जोडले. "नंदी आपोआप चालते काहून बे?" म्हणून एकानं झूल उचलली, तेव्हा खालून ६९ ची कॅमॅरो निघाली.

मग परीक्षक मंडळाची जी चर्चा झाली ती मी मिशिगनमध्ये दर महिन्याला ऐकतो. एक म्हणे नंदी ओढत आणायचा असते, हा ढकलत आणला. दुसरे म्हणे कुठं लिहिलं आहे तसं. तिसरे काहीच न बोलता खाली बसले, नंदीच्या नाकाला बोट लावलं आणि विचारलं, "याची येसन कुठी हाय?" वेसण नव्हती. एका शिंगाची बेगडही रस्त्यात गळून पडली होती. मिशिगनच्या क्लबात याच पद्धतीनं एक रिटायर्ड गृहस्थ आरसा नाही म्हणून गाड्या परत पाठवतात, आणि मी त्यांच्यावर दोन सीझन चिडून होतो. पोट्ट्याला उत्तेजनार्थ स्टीलचा डबा मिळाला. पण बोजारा त्यालाच जास्त जमला, कारण प्रत्येक घरी लोकांनी नंदी दोनदा चालवून पाहिला. एका काकांनी तर जागेवर झडती, म्हणजे पोळ्यात म्हणतात ते कवन, जोडली:

"लाल गाडी, काळं चाक,
बैलापायी मोटर खाक,
डिझेल नाही, चारा नाही,
ढकलणारा दिसत नाही,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

मोटर खाक झाली नाही, पण अर्धा तास एवढं वजन ढकलून ती इतकी तापली होती की हात लावता येईना.

येताना एक गाडी तिथंच ठेवून आलो. दर रविवारी मॅट अंथरली जाते म्हणे, बिछायतवाला लग्नाचा सीझन नसला की भाडं घेत नाही. बॉडीचे चिमटे सगळे हरवले, सेफ्टी पिना लावून काम चालू आहे. परवा पुतण्याचा व्हॉइस मेसेज आला, मागं नुसता आरडाओरडा: "काका, येतानी चिमटे आनजा. आन एक सांगा, आजीनं काडीनंच गाडी सुलटी केली, थे नियमात बसते का?"

मी क्लबची नियमावली उघडून पाहिली. काठीबद्दल त्यात काहीच नाही.