तुम्ही विचारलंत म्हणून : नव्या मुलींच्या हातात हीच कादंबरी का?

आमच्या वर्तमानपत्राच्या डेस्कवर नवी मुलगी रुजू झाली की महिन्याभरात मी तिला एक जाडजूड कादंबरी देते. मग प्रश्न ठरलेला असतो : "ताई, बातमी कशी लिहायची ते शिकवायचं सोडून ही फाशीची गोष्ट का?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आज नीट सांगते.

कादंबरी के. आर. मीरा यांची. मल्याळममधलं नाव 'आराच्चार', म्हणजे जल्लाद. २०१२ साली आली. जे. देविका यांनी ती इंग्रजीत 'हँगवुमन' या नावाने नेली. मला मल्याळम येत नाही, मी इंग्रजीतूनच वाचली. २०१५ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण मी ती देते त्याचं कारण ते नाही.

मीरा आपल्याच धंद्यातल्या. जन्म १९७०चा, कोल्लम जिल्ह्यातल्या शास्तांकोट्टाचा. १९९३ मध्ये त्या 'मलयाळ मनोरमा' या दैनिकात पत्रकार म्हणून लागल्या. केरळातल्या कष्टकरी बायकांवर त्यांनी केलेल्या वृत्तमालिकेला १९९८ साली पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेचा मानवी हक्क पत्रकारिता पुरस्कार मिळाला. २००६ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्णवेळ लिहू लागल्या. म्हणजे पान कसं लागतं, दुःखाची चौकट, म्हणजे पानावर वेगळी काढलेली छोटी बातमी, कशी होते, हे त्यांनी बाहेरून पाहिलेलं नाही.

आता माझं सांगते. १४ ऑगस्ट २००४ला कोलकात्याच्या अलिपूर तुरुंगात धनंजय चटर्जीला फाशी झाली. फास ओढला नाटा मल्लिक यांनी. त्याआधी कितीतरी दिवस कॅमेरे या म्हाताऱ्या जल्लादाच्या दारात होते. दोर कसा तयार करतात, पैसे किती मिळणार, आदल्या रात्री तो काय करणार, सगळं छापून येत होतं. आमच्याकडेही आलं. दोराची चौकट मी लावली, मथळा माझाच, आणि दुसऱ्या दिवशी संपादकांनी त्याचं कौतुक केलं. १९९० मध्ये जिच्यावर बलात्कार करून जिला मारून टाकल्याबद्दल ही फाशी होती, त्या शाळकरी मुलीसाठी त्या पानात तीन ओळी होत्या. जागा नव्हती, असं मी तेव्हा म्हटलं असणार.

काही वर्षांनी मी मीरांची कादंबरी उघडली आणि त्यात ती चौकट मला दिसली.

फणिभूषण गृद्धा मल्लिक, वय ८८, आजवर ४५१ जणांना फाशी दिलेली. नव्या फाशीच्या बदल्यात तो सरकारकडे आपल्या घरातल्याला नोकरी मागतो. मुलगा रामूदा हातपाय तोडलेल्या अवस्थेत खाटेवर पडून आहे. त्यामुळे नोकरी येते २२ वर्षांच्या मुलीकडे, चेतनाकडे. घर स्ट्रँड रोडवर, निमतला घाटाजवळ. दारावरून दिवसभर प्रेतं जातात आणि आत चुलीवर भात शिजतो. ठाकूमा नातीला सांगते की तू आईच्या पोटात असतानाच नाळेचा फास केला होतास. मोठेपणी तिच्या ओढणीचाही फास आपोआप बनतो, बोटांना विचारावं लागत नाही. बापजाद्यांच्या आख्यायिका इसवी सनाच्याही मागे जातात. सगळ्याच सारख्या वजनाच्या नाहीत, मधली काही पानं मला जड गेली. तरी मुलींना मी सांगते, ती गाळू नका. इतक्या पिढ्यांचं मरण डोक्यावर घेऊन ही मुलगी कॅमेऱ्यासमोर बसली आहे, हे त्यांच्याशिवाय कळत नाही.

आणि कॅमेऱ्यामागे संजीवकुमार मित्रा. टीव्हीचा वार्ताहर. देखणा, गोड बोलणारा. तिची गोष्ट फक्त आपल्याच वाहिनीवर दिसावी म्हणून तो घराशी करार करतो. तो तिच्या अंगाला हात घालतो आणि तू मला एकदा तरी हवी आहेस, अशा अर्थाचं एक घाण वाक्य बोलतो. ते वाक्य तिच्या डोक्यातून जात नाही. त्याच्यावर तिचं प्रेमही बसतं आणि तो अपमानही ती विसरत नाही. दोन्ही एकाच वेळी, पानापानावर. हे असं लिहिलेलं मी दुसरीकडे फारसं वाचलेलं नाही. शेवट सांगत नाही. ज्यांनी वाचली नाही त्यांनी तिथवर स्वतःच जावं.

कुणाला एवढं जाड पुस्तक झेपत नसेल तर मी 'मीरासाधू' सुचवते. छोटीशी आहे. आयआयटीत शिकलेली तुळसी प्रेमात सगळं गमावून वृंदावनात मुंडण केलेल्या बायकांमध्ये येऊन राहते. पण डेस्कवरच्या मुलींना 'हँगवुमन'च.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका शिकाऊ मुलीला एका घरी पाठवलं होतं. मुलगा नदीत वाहून गेला होता. ब्युरोकडून निरोप होता, आईचा बाइट घे, म्हणजे तिची प्रतिक्रिया. रात्री साडेनऊला तिचा फोन आला. "ताई, त्या भांडी घासत होत्या. मी विचारलं नाही. विसळायला बसले त्यांच्याबरोबर."

मी म्हटलं, "बरं केलंस. आता घरी जा."

पान तीनवर तिच्या बातमीसाठी राखलेली जागा तशीच होती. मी हवामानाची बातमी खाली ओढून मोठी केली आणि पान सोडलं.